पावसाच्या दोन दिवसांत इरकल लुगड्याची गोधडी होईल का?

लातूरच्या एका पोरीचा प्रश्न आलाय. आजी गेल्यावर तिची दोन इरकली नऊवारी लुगडी आणि आजोबांचं एक पांढरं धोतर हिच्या वाट्याला आलं. शनिवार-रविवार सुट्टी आहे, बाहेर परतीचा पाऊस धरून बसलाय, म्हणून तिला घरीच गोधडी शिवायचीय. तिनं विचारलंय की काकू, दोन दिवसांत होईल का, मशीनवर मारू का हातानं, आत घालायला ऑनलाइन फायबरचं पाकीट मागवलंय ते टाकू का, लुगडं कापायला हात धजत नाही त्याचं काय करू, आणि दिवसभर खाली बसायचं म्हणलं तर नवऱ्याला अन् लेकराला खायला काय करून ठेवू.

तर पहिलं उत्तर पहिल्यांदा देते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. दोन दिवसांत होणार नाही. मी पस्तीस वर्षं गोधड्या शिवायलेय, माझ्या हातूनसुद्धा दोन दिवसांत एक धड होत नाही आणि जी होते ती मी कुणाला दाखवत नाही. पावसाचा दिवस गोधडी मांडायला चांगला, चार ओळी टाके घालायला चांगला. संपवायची ती दिवाळीपर्यंत. हे एकदा डोक्यात बसलं की तुझी घाई जाईल आणि घाई गेली की टाका सरळ येतो.

आता हा मोसमच का, ते सांगते. आमच्याकडं नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं, घट बसायच्या आत. नदीला नाहीतर विहिरीवर गोधड्या बडवायच्या, खडकावर वाळत घालायच्या, दिवसभर बायांचा तिथंच मुक्काम. त्या धुण्यात मग कळतं कोणती गोधडी विरलीय, कोणत्या लुगड्यात आता दम नाही, कोणतं धोतर बसलं की फाटायलंय. ते सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवायचं. आणि मग हस्त-चित्रा नक्षत्राचा पाऊस आला की सोयाबीनची काढणी थांबते, बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, ताडपत्रीखाली झाकून ठेवायची आणि वाट बघत बसायचं. बाप्ये दारालगतच्या ढाळजेत बसून आभाळाला शिव्या देणार अन् बाया गाठोडं सोडणार. तेव्हा धरलेली गोधडी थंडी पडेपर्यंत अंगावर येते. म्हणून हा मोसम. हौसेपेक्षा यात शेतीचं वेळापत्रक जास्त आहे.

पण एक गोष्ट नीट ऐक, यात मी स्वतः हात पोळून घेतलाय. धुणं उन्हात, शिवणं पावसात. उलटं करायचं नाही. लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मी अशीच हौसेनं, पाऊस चालू असताना लुगडी धुतली, घरात दोरीवर वाळवली, हाताला कोरडी लागली म्हणून थरावर थर घालून शिवून टाकली. महिनाभरानं पेटीतून काढली तर कुबट वास आणि आतल्या थराला काळे ठिपके. वरून काहीच दिसत नव्हतं बरं का. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त कात्री आणून पुढ्यात ठेवली. सगळी उसवली मी. शिवायला बारा दिवस लागले होते, उसवायला तीन.

त्यामुळं तुझी लुगडी आधी धुऊन कडकडीत वाळलेली असतील तरच शनिवारी हात लाव. कपाटात घडी करून ठेवलेलं कापडसुद्धा या हवेत दमट होतं. गरम इस्त्री फिरव, वाफ निघाली तर ओल आहे समज. दोन-तीनदा फिरव, वाफ बंद होईपर्यंत. आणि रंगाचं पण बघून घे, एक पांढरं फडकं ओलं करून काठावर आणि पदरावर जोरात घास. लाल पदर असेल तर त्याचा भरवसा नाही, फडक्याला रंग लागला तर ते लुगडं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावंच लागेल, म्हणजे या शनिवारी नाही. त्या आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर लाल डाग पडला तर मग जन्मभर बघत बसशील.

आता कापायचं. अगं, कापायचं कशाला? हे कुणी सांगितलं तुला? मोबाइलवर ते चौकोन-चौकोन कापून जोडलेलं बघितलं असशील, ते वेगळं काम आहे, त्याला ठिगळाची गोधडी म्हण. आपलं लुगडं आख्खंच्या आख्खं जातं. हिशोब बघ. नऊवारी म्हणजे नऊ वार, एक वार तीन फुटांचा, झाले सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या, एकदा इकडं एकदा तिकडं, पंख्यासारख्या, की पावणेसात फूट लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढी रुंद गोधडी तयार. पन्हा पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच धर, म्हणजे एका माणसाला भरपूर. चार थर आपोआप झाले, कात्री लागली नाही. डोक्याकडची आणि पायाकडची बाजू घडीमुळं बहुतेक बंदच असते, फक्त दोन टोकं उघडी राहतात, ती इंचभर आत दुमडून टाकायची. आणि लांबीच्या दोन्ही बाजूला काय येतं सांग? काठ. इरकलीचा रुंद काठ दोन्हीकडनं चौकटीसारखा उभा राहतो. वेगळी किनार लावायची गरजच नाही. ज्या कुण्या बाईनं पहिल्यांदा अशी घडी घातली असेल तिला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

डबल पाहिजे असेल तर दोन्ही लुगडी अशीच घडी घालून काठाला काठ जोडता येतात. पण पहिलीच गोधडी आहे तर ते करू नको. मधला जोड जाड होतो, सुई अडते आणि माणूस वैतागून अर्ध्यात सोडतं. अशा अर्ध्यात सोडलेल्या गोधड्या मी किती घरात बघितल्यात, माळ्यावर पडलेल्या, सुई तशीच टोचलेली.

धोतराचं सांगते. धोतर मधोमध अर्धं कर, ही एकच कात्री. ती अर्धी बाजू जवळपास दोन मीटर भरते, आपल्या पावणेसात फुटाला बरोब्बर बसते. ती लुगड्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मधे घालायची. म्हणजे झाले पाच थर. पाच थर आपल्याकडच्या थंडीला पुरतात, परभणीकडं डिसेंबरात पारा कधीकधी दहाच्या खाली येतो तिथं सुद्धा पुरतात, लागलं तर वर एक चादर. लहान लेकराचं दुपटं दोन थराचं. खाली अंथरायची असेल तर सात थर घाल, पण मग सुई आरपार काढायला बोटं रडतात. धोतराची दुसरी अर्धी बाजू टाकू नको, ती स्वयंपाकघरात लागणारे, पुढं सांगते.

आणि ते फायबरचं पाकीट उघडलं नसशील तर परत कर, उघडलं असशील तर त्याच्या उशा कर. गोधडीला आत काही भरायचं नसतं. भरायची ती रजई, कापूस भरून, आणि तो कापूस दोन-चार वर्षांत गोळा होऊन बसला की पिंजाऱ्याला बोलवून परत पिंजून घ्यावा लागतो. पूर्वी धनुकली वाजवत पिंजारी गल्लीत यायचे, आता ते पण कमीच झाले. गोधडीचं तसं नाही. लोक म्हणतात मायेची ऊब, आजीची ऊब, म्हणू द्या, पण ऊब असते हवेची. पाच पातळ थर आणि त्यांच्या मधे अडकलेली हवा, एवढंच. म्हणून टाका खेचून घालायचा नसतो. दोरा ताणलास तर थर एकमेकाला चिकटून बसतात, हवा निघून जाते आणि गोधडी जड असून थंड लागते. फायबर घातलंस तर ते धुतल्यावर कोपऱ्यात गोळा होणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाम पीत नाही. हीच गोष्ट टेरिकॉटच्या साड्यांची. आजकाल सुती कुणी नेसत नाही, मग घरात असेल ती घसरडी साडी गोधडीत जाते, थर एकमेकावरून सरकतात आणि थंडीत रात्री कूस बदलली की चटचट ठिणग्या उडतात. जुनं, पन्नासदा धुतलेलं सुती कापडच पाहिजे. नवं सुती पण नको, ते नंतर आटतं आणि बाजूच्या जुन्याला चुण्या पडतात. हिमरू-मशरू असलं रेशीम-सुताचं भारी कापड घरात असेल तर त्याला तर हातच लावू नको, हिमरूच्या मागच्या बाजूला दोरे सुटे असतात, अंगठ्यात अडकून निघून येतात.

पदर. इरकलीचा पदर अंगापेक्षा वेगळा असतो हे तुला हाताला कळलंच असेल. अंग सुती आणि पदराचा ताणा रेशमाचा नाहीतर आर्ट सिल्कचा, दोन्ही एकमेकात फासे घालून जोडलेले असतात, टोप तेनी म्हणतात त्याला, ही कर्नाटकातल्या इळकलच्या विणकरांची करामत. त्या जोडाची जागा जुन्या लुगड्यात आधी विरते. म्हणून घडी अशी घाल की पदर सगळ्यात वरच्या थराला येईल आणि जोडाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर जागेत टाके जास्त दाट घाल. पदर डोक्याकडं ठेव, पायाकडं नाही. हे काही शास्त्र नाही, माझ्याच्यानं आजीच्या पदरावर पाय ठेववत नाही एवढंच. पण डोक्याकडं ठेवला की केसाच्या तेलानं तो काळा पडतो, तर त्याच्यावर तुझ्या जुन्या बेडशीटची एक वीतभर पट्टी कच्च्या टाक्यांनी अडकवून ठेव. महिन्याला काढून धुवायची, परत लावायची.

मांडणी फरशीवर. पलंगावर नाही. खाली सतरंजी टाक, त्याच्यावर लुगडं पसर, प्रत्येक थर हातानं मधून बाहेर सारत सारत गुळगुळीत कर. मग कच्चा टाका, वीत-वीत लांबीचा, आधी मधोमध उभा, मग मधोमध आडवा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपे. दोरा कुठल्याही वेगळ्या रंगाचा घे, शेवटी काढूनच टाकायचाय. पोरी नेमकं इथंच कंटाळा करतात, चार टाचण्या लावतात आणि सुरू होतात, मग मधे पोळीसारखा फुगा येतो. आपली जुनी रीत कडेपासून चौकोन-चौकोन घालत आत यायची, चार बाया चार बाजूला बसल्या की गोधडी मधल्या चौकात संपते. ती रीत छान आहे, मला तीच आवडते, पण कच्चा टाका पक्का असेल तरच, नाहीतर सगळा झोळ ढकलत ढकलत मधे आणला जातो. तू एकटी आहेस तर सरळ लांबीच्या ओळी घाल. पहिली ओळ मधोमध, मग एक ओळ डावीकडं, एक उजवीकडं. काठाला पोचशील तेव्हा हात बसलेला असेल, आणि काठच लोकांना दिसतो.

सुई लांब, मोठ्या नेढ्याची. दाभण नको, त्यानं विरलेल्या कापडाला भोकं पडतात. दोरा जाड सुती, दुहेरी, हातभरच घ्यायचा. लांब दोरा घेतला की गुंता होतो आणि जितका वेळ वाचवला त्याच्या दुप्पट जातो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घे, या दमट हवेत दोरा फार पीळ खातो. अंगुस्ताना घाल, लाजू नको, मी घालते. टाका साधा धावदोरा, माझ्या सासूबाईंचं माप ज्वारीच्या दाण्याएवढं होतं, वर एक दाणा खाली एक दाणा. तुझा हरभऱ्याएवढा आला तरी चालेल पण सगळे हरभऱ्याएवढे येऊ देत. एका वेळी तीन-चार टाके सुईवर घे आणि मग ओढ, कापड गुडघ्याखाली दाबून धर म्हणजे ताण राहतो. हो, गोधडीवरच बसून गोधडी शिवायची.

आता दोन दिवसांत का होणार नाही, त्याचा हिशोब करू. दोन ओळीत एक बोट अंतर, साधारण दोन सेंटिमीटर. पन्हा एकशेवीस सेंटिमीटर धरला तर साठ ओळी. एक ओळ दोन मीटरच्या वर. म्हणजे सव्वाशे मीटर टाका घालायचाय तुला. दुहेरी दोरा धरला तर तीनशे मीटरच्या आसपास दोरा लागतो, त्या हिशोबानं रीळ आणून ठेव, अर्ध्यात संपला की दुसऱ्या पांढऱ्याची छटा जुळत नाही. मला एका ओळीला बारा मिनिटं लागतात, साठ ओळींना झाले बारा तास, सलग बसले तर. तुला सुरुवातीला पंचवीस मिनिटं लागतील. पंचवीस तास. आता बघ दोन दिवसांत किती जमतंय, कंबर आणि डोळे धरून. दोन बोटांवर ओळ घातलीस तर निम्म्याच्या जवळ येईल, पण मग धुताना थर सुटे पडतात, मला पटत नाही.

मशीनबद्दल एकच, मशीनचा टाका दोन्ही बाजूनं आवळतो, पाच थरांना आवळला की गोधडी पापडासारखी होते. खाली टाकायच्या पट्ट्या मार खुशाल मशीनवर. पांघरायची हातानंच.

स्वयंपाकाचं विचारलंस ते बरं केलंस, कारण मी गोधडी आणि चूल एकमेकीला बांधूनच करते. दोन ओळी झाल्या की उठायचं, नाहीतर पाय भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी बसवत नाही. उठल्यावर मोबाइल बघण्यापेक्षा चुलीकडं बघायचं. फक्त अट एक, परत बसताना हात कोरड्या बेसनानं चोळून धुवायचे. हळदीचं बोट पांढऱ्या दोऱ्याला लागलं की पिवळी ओळ, आणि तेलाचं बोट तर धुतलं तरी उन्हात परत वर येतं.

सकाळी हुलग्याचं माडगं कर. भाजलेलं हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून उकळायचं, गूळ, सुंठ, वरून थोडं दूध. पेला धरून खिडकीत बसायचं, एवढंच. पंधरा मिनिटांचं काम.

दुपारी धपाटे. आणि इथं तुझ्या धोतराची दुसरी अर्धी बाजू येते. धपाटं थापायला ओलं सुती फडकं लागतं, आणि नव्या कापडावर धपाटं चिकटून बसतं, जुन्या विरलेल्या धोतरावरून अलगद सुटतं. म्हणजे बघ, जे कापड पांघरायला चांगलं तेच थापायला चांगलं, दोन्हीकडं धुतल्यानं आलेला मऊपणाच कामाला येतो. त्यातला हातभर तुकडा फाडून घे, उकळून धू. पीठ असं घे, दोन वाट्या ज्वारी, अर्धी वाटी गहू, अर्धी वाटी बेसन. लसूण-मिरची-जिरं जाडसर वाटून, तीळ, ओवा, हळद, मीठ, बचकाभर कोथिंबीर नाहीतर मेथी, आणि मळायला पाणी नाही तर ताक, आंबट असेल तर अजून चांगलं. सैलसर मळायचं. फडकं घट्ट पिळून पोळपाटावर पसर, ओल्या हातानं पातळ थाप, मधे बोटानं चार भोकं पाड. फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घाल आणि फडकं हळू सोलून काढ. पहिलं फाटेल, ते करणाऱ्यानं खायचं. भोकात तेल सोड. दही, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. पीठ सकाळीच मळून ठेवू नको, पाणी सुटतं, वाटण मात्र करून ठेव. धपाटे दुसऱ्या दिवशी गार पण चांगले लागतात, म्हणून चार जास्तच कर, रविवारी सकाळी गॅसपुढं उभंच राहायचं नाही.

संध्याकाळी शेंगोळे, आणि यात घरच्यांना कामाला लाव. हुलग्याचं पीठ दोन वाट्या, त्यात मूठभर ज्वारीचं, लसूण-जिरं ठेचून, तिखट, मीठ, घट्ट मळायचं. मग हाताला तेल लावून दोन्ही तळव्यांत वळून करंगळीएवढी वळी करायची आणि टोकाला टोक जोडून कडी. लेकरं हे आनंदानं करतात, वेडेवाकडे होतात पण चवीला फरक पडत नाही. नवऱ्याला सांग, म्हणावं तुझ्या हातचे बघू. पातेल्यात तेल, भरपूर लसूण, काळा मसाला, पाणी, मीठ. खळखळ उकळी आली की एकेक शेंगोळा सोडायचा, उकळी मोडू द्यायची नाही, नाहीतर पीठ विरघळतं. मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे तुझी एक ओळ. ओळ संपली की शेंगोळे झाले, घड्याळ बघायला नको. रस्सा आपोआप दाट होतो. वरून कच्चं तेल आणि कांदा. रविवारी रात्री अगदीच कंटाळा आला तर डब्यात येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, असेल त्याची आमटी, गार पाण्यात येसर कालव, फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोड, दहा मिनिटं, भाकरी नाहीतर भात. येसर नसेल तर आईकडून आणून ठेव, मराठवाड्यातल्या पोरीच्या घरात येसर नाही हे काही बरं नाही.

उजेडाचं लक्षात ठेव. तुझा फ्लॅट आहे, खिडकी असेल, खिडकीकडं डावा खांदा करून बस म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. आम्ही माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात शिवायचो, छताला एक साणं, त्यातनं जेवढा उजेड पडेल तेवढ्यात गोधडी सरकवत न्यायची. आणि पाऊस दोन दिवस लागला की माळवद ठिबकायला लागायचं, मातीचा थेंब गोधडीवर पडला की डाग, म्हणून एकीनं वर बघत बसायचं. औसा तालुक्यातलं गाव आमचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तो याच हस्तात. त्या दगड-मातीच्या भिंती आणि ते मातीचं जड छत झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या, पण त्यानंतर सासऱ्यांनी कुणाला माळवदाखाली झोपू दिलं नाही. पुढं पत्रे आले. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की बाजूला बसलेल्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही, सगळ्या गप्प शिवत बसायच्या. मला अजून पत्र्याचा आवाज आला की हात सुईकडं जातो.

शनिवारी तुझं एवढं झालं तरी लय झालं: इस्त्री, घडी, कच्चा टाका आणि मधल्या चार ओळी. रविवारी सहा-सात. मग गोधडी गुंडाळून ठेव, घडी घालू नको, घडीत सुई राहिली की कुणाच्यातरी पायात जाते. सुई मोजून डबीत. पुढं रोज रात्री टीव्हीपुढं एक-दोन ओळी, दिवाळीला पांघरशील. पहिलं धुणं थंडी संपल्यावर, गार पाण्यात, साधा साबण, बडवायची नाही, पिळायची नाही, दोघींनी धरून निथळायची आणि आडवी पसरून वाळवायची. दोरीवर टाकली की ओल्या वजनानं मधे ताणली जाते.

राहिलं दुसरं लुगडं. त्याची परीक्षा घे आधी. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड आडवं ताण, दोन-तीन जागी. दोरे करकर सरकले, जाळी दिसायला लागली तर ते गोधडीचं. पण ताणल्यावर हूं की चूं झालं नाही तर त्यात अजून दहा वर्षांचा जीव आहे, त्याला गोधडीत घालणं म्हणजे चालत्या बैलाला बसवून ठेवणं. ते नेस. नऊवारी नेसता येत नसेल तर सासूला विचार, त्यांनाही आवडेल कुणी विचारलेलं.